दोन टक्क्यांची दयाबुद्धी

कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 एखाद्या साहित्यकृतीइतकेच बारकाईने वाचले पाहिजे, असे मला वाटते. प्रस्थापित वर्ग समाजाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे त्यात उघड दिसते.

500 कोटींची नक्त मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा असणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी, असा दंडक या कलमाने घातला. 1 एप्रिल 2014 पासून तो अमलात आला. या पैशातून शाळा, दवाखाने उभे राहतात हे मी नाकारत नाही. प्रश्न सत्तेचा आहे. पैसा कोठे द्यायचा हे संचालक मंडळ ठरवते आणि तो खर्ची पडल्याचा दाखला कंपनीचाच वित्त अधिकारी देतो. ज्याच्या नावाने खर्च होतो, त्या माणसाला या निर्णयात कायद्याने जागाच ठेवलेली नाही.

कायद्याच्या सातव्या अनुसूचीत झोपडपट्टी आहे, स्वच्छता आहे. अनुसूचित जातींचा उल्लेख मात्र सरकारी निधीला देणगी देण्यापुरता येतो. आपल्याच कारखान्यात कोणाला घ्यायचे, याविषयी एक अक्षरही नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी झाली तेव्हा, 2006 साली, सीआयआय व असोचॅम या उद्योजकांच्या संघटनांनी स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली. केंद्राने कायदा केला नाही. म्हणजे दानाला कायदा आणि नोकरीला मर्जी!

दानाच्या कायद्याची धारही टिकली नाही. 2019 च्या दुरुस्तीत कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. उद्योगपतींनी ओरड केली, सरकारने ती ऐकली. तरतूद लागू होण्यापूर्वीच 2020 च्या दुरुस्तीने कैदेच्या जागी आर्थिक दंड आणला. नियम करणारा आणि पाळणारा एका पंगतीला बसले की असेच व्हायचे.

1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ते संविधानातच नमूद व्हावे, अशी मागणी केली होती. नफा कसा वाटावा यापेक्षा तो कसा मिळवला जातो, हा त्यांचा सवाल होता. आपण मात्र 2 टक्क्यांच्या हिशेबात अडकलो आहोत. उरलेल्या 98 टक्क्यांमागे कोणाचे श्रम आहेत, हे कोण विचारणार?

कंपन्यांना या खर्चाची माहिती प्रसिद्ध करावी लागते. आपल्या विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी ती वाचावी आणि तिच्याशेजारी त्याच कंपनीच्या नोकरभरतीचे आकडे मागावेत. मिळाले नाहीत, तर का मिळाले नाहीत हे जाहीरपणे विचारावे.