बनगरवाडीचा दुष्काळ

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) किशोरांसाठी म्हणून लिहिलेली नाही. तरी नववी-दहावीच्या मुलांनी ती जरूर वाचावी. औंध संस्थानातला तरुण मास्तर राजाराम धनगरांच्या वाडीत शाळा चालवतो, गाव राबून तालीम बांधते, आणि पुढे पाऊसच पडत नाही. चिकलठाण्याच्या वेधशाळेत पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात; इथे तो आधी गवतावरून, मग मेंढरांवरून, शेवटी गाव सोडणाऱ्या माणसांवरून कळतो. हे निरीक्षण अस्सल आहे. माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, हे शिक्षकांनी नकाशावर दाखवावे (कादंबरीचे ते काम नव्हे). दुष्काळ अखेरच्या थोड्या पानांत उरकला आहे, हे मात्र खटकते. सावरलेली वाडी आपल्याला दिसतच नाही. मुलांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजी-आजोबांना विचारावे: तुमचे गाव पुन्हा कसे उभे राहिले?