खाजगी विद्यापीठांतील संज्ञापन-शिक्षण : साधनसंपन्नता आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. पुणे विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू झाला तो १९६४ मध्ये. म्हणजे मराठी पत्रकारिता विद्यापीठात येण्यापूर्वी शतकाहून अधिक काळ समाजात रुजलेली होती. १९९० मध्ये ‘सिम्बायोसिस’ने पुण्यात जनसंज्ञापनाची संस्था स्थापन केली, २००२ मध्ये ‘सिम्बायोसिस’ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे राज्याने केलेल्या स्वतंत्र कायद्यांन्वये खाजगी विद्यापीठे उभी राहिली. अभिमत आणि खाजगी विद्यापीठ यांत कायदेशीर भेद असला, तरी दोहोंचा डोलारा प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभा आहे. या शिक्षणाचे मूल्यमापन सामान्यतः स्टुडिओ, उपकरणे आणि नोकरीची संधी या निकषांवर होते. या शिक्षणातून उद्या समाजातील कोणाला बोलता येणार आहे, हा निकष त्यात अभावानेच आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

संज्ञेतील स्थित्यंतर

‘वृत्तपत्रविद्या’, ‘जनसंज्ञापन’ आणि ‘माध्यम अभ्यास’ अशी या विषयाची नावे बदलत गेली. नभोवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात व जनसंपर्क यांचा समावेश झाल्याने विषयाची कक्षा रुंदावली, हे स्वागतार्हच आहे. भारतात संज्ञापन या कल्पनेला एकेकाळी लोकशिक्षणाचा आशय होता. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणविषयक कार्यक्रम पोहोचविण्यात आले, तो प्रयोग या दृष्टीचा द्योतक होय. शुल्काधारित व्यवस्थेत हा आशय क्षीण होण्याचा धोका संभवतो. मोठे शुल्क भरणारा विद्यार्थी ते लवकर भरून निघेल अशी शाखा निवडतो, यात त्याचा दोष नाही. परंतु त्यामुळे जाहिरात व प्रतिमानिर्मितीकडे ओघ वाढतो आणि जिल्हा वार्तांकन किंवा ग्रामीण नभोवाणी मागे पडते. शिवाय बातमी आणि जाहिरात एकाच छताखाली शिकविताना दोहोंची कौशल्ये समान भासली, तरी त्यांची उत्तरदायित्वे भिन्न आहेत, याचे भान अभ्यासक्रमाने द्यावयास हवे.

प्रवेशाचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले होते. प्रचलित पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, ही त्या पत्रामागील जाणीव होती. रॉबिन जेफ्री यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतीय भाषिक वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांतील दलितांच्या अनुपस्थितीकडे लक्ष वेधले. ऐंशी वर्षांनंतरही प्रश्न तोच होता.

माध्यमांतील प्रवेश जसजसा पदवीवर अवलंबून राहू लागतो, तसतसे वर्गाचे दार हेच वृत्तकक्षाचे दार ठरते. ९३व्या घटनादुरुस्तीने खाजगी शिक्षणसंस्थांतही विशेष तरतूद करण्याचा अधिकार शासनाला दिला. तथापि केंद्रीय शिक्षणसंस्थांतील आरक्षणाचा २००६ चा कायदा खाजगी विद्यापीठांना लागू होत नाही. अशा स्थितीत शुल्क हीच सर्वांत परिणामकारक चाळणी ठरते.

भाषेची उपेक्षा

दुसरी चाळणी भाषेची आहे. ‘दर्पण’ मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. सुशिक्षित संपादकाने दोन्हींत लिहावे ही अपेक्षा त्यात गृहीत होती. २००७ पासून मराठीत चोवीस तास वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि मराठीत लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या पत्रकारांची गरज वाढली. असे असता अध्यापन, परीक्षा व प्रकल्प केवळ इंग्रजीत होत असतील, तर दोन प्रकारची हानी होते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी आशय जाणूनही वर्गात अबोल राहतो. आणि इंग्रजी माध्यमातून आलेला विद्यार्थी सातबारा, आणेवारी, पैसेवारी हे शब्द न कळताच दुष्काळाचे वार्तांकन करण्यास निघतो. दुसरी हानी प्रेक्षकांपर्यंत पोहोचते.

निष्कर्ष

खाजगी विद्यापीठांना सरसकट दोष देणे न्याय्य ठरणार नाही. अद्ययावत उपकरणे, व्यवसायातील तज्ज्ञांचे अध्यापन आणि अभ्यासक्रम त्वरेने बदलण्याची मुभा ही त्यांची बलस्थाने आहेत. रिक्त पदे व अपुरा निधी यांमुळे सार्वजनिक विद्यापीठांतील विभागांना त्यांची उणीव अनेकदा जाणवते. मात्र ज्याला सांगण्यासारखे आहे तो वर्गाबाहेर राहिला, तर ही बलस्थाने व्यर्थ ठरतात. म्हणून प्रत्येक संस्थेने प्रवेशित विद्यार्थ्यांची सामाजिक व भाषिक आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करावी, गरजूंसाठी शुल्कमाफीच्या जागा निश्चित कराव्यात, मराठी लेखन अनिवार्य करावे आणि किमान एक सत्र तालुक्याच्या ठिकाणी वार्तांकनासाठी राखून ठेवावे. यांपैकी शुल्कमाफीस पैसा लागेल. उर्वरित तीन सूचनांना प्रामुख्याने इच्छाशक्ती लागेल.