टांगणीला लागलेले तेरा महिने

कै. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. आम्ही तो नुकताच पुन्हा वाचावयास घेतला, तो आदरानेच. परंतु गंगापूर तालुक्यात बसून वाचताना जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हैदराबाद संस्थानाची स्वतःची फौज, रेल्वे, टपाल आणि नाणे होते. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान याने भारत वा पाकिस्तान यांपैकी कोठेही सामील न होण्याचा मनोदय जाहीर केला. २९ नोव्हेंबरला भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला, तोही एका वर्षापुरता. पुढे काय, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, तोवर पंधरा ऑगस्टपासून तेरा महिने लोटले होते.

भालेराव स्वतः या लढ्यातले कार्यकर्ते आणि पुढे ‘मराठवाडा’ पत्राचे संपादक. स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, १९३८ चा सत्याग्रह, सरहद्दीवरचे कॅम्प यांविषयी ते लिहितात तेव्हा लेखणीला जवळिकीची धग असते. अशी धग नुसत्या दफ्तरांतून मिळत नाही. पण याच जवळिकीमुळे ग्रंथात एक उणीव राहिली, असे आमचे मत आहे. शेवट लेखकाला ठाऊक आहे, आणि तो जणू प्रत्येक प्रकरणाच्या दारात उभा असतो. ज्यांना तो ठाऊक नव्हता, अशा साध्या कुटुंबांची घालमेल त्यामुळे मागे पडते.

गंगापूरकरांना हे विशेष जाणवेल. आपल्या तालुक्याची गोदावरी हीच तेव्हाची सरहद्द. अलीकडे कायगाव निजामाचे, पलीकडे टोके नगर जिल्ह्यातले. भाषा एक, सोयरीक एक. पण इकडे हाली रुपया, तिकडे कलदार, आणि माल न्यायचा तर करोडगिरीचा नाका. (आज तेथे नाथसागराचा फुगवटा पसरलेला असतो.) बैल विकून आलेला पैसा हालीत ठेवावा की कलदारात, लेक पलीकडे द्यावी की थांबावे, रातोरात नदी ओलांडावी की घर राखावे, असले प्रश्न त्या वर्षी राजकारणाइतकेच खरे होते. ग्रंथात त्यांना फार थोडी जागा मिळाली आहे.

आपल्या समाजाचीही तीच स्थिती. घोगरगावच्या मिशनची मुळे निजामी राजवटीतली. फ्रेंच धर्मगुरू फादर गुरियन जाकियर यांचे नाव त्या परिसरात अजून घेतले जाते. नदीपलीकडे येशूसंघीय फादर, अलीकडे संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे. संख्येने थोडक्या, बहुधा भूमिहीन अशा या कुटुंबांना कोणत्याच पक्षाने काही विचारले नसावे. हा दोष एकट्या भालेरावांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आमच्या पाहण्यातल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकाही १९४८ साल दोन ओळींत उरकतात.

आणखी एक गोष्ट. पोलीस कारवाईनंतर नेमलेल्या सुंदरलाल समितीने त्या कारवाईच्या काळात व नंतर २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा अंदाज केला. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. सरकारने हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे होते, आणि हेही खरे आहे. अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी तरी दोन्ही पाने शेजारी ठेवून ग्रंथ वाचावा. मुक्तीचा आनंद त्याने उणावेल असे आम्हांस वाटत नाही.

भारतीय फौजा १४ सप्टेंबरला औरंगाबादेत शिरल्या. त्या दिवशी गंगापुरात काय घडले, दारे कोणी उघडली आणि कोणी लावून घेतली, हे सांगू शकणारी माणसे आता नव्वदीच्या पुढे आहेत. आपल्या धर्मग्रामांतही अशी काही आजी-आजोबा असतील. त्यांच्यापाशी वही घेऊन कोणी बसले असेल, तर ते लिखाण या त्रैमासिकाकडे जरूर धाडावे. भाषा कच्ची असली तरी चालेल.