हिरवळीची वंशावळ

अमेरिकेतील जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबचा इतिहास नेहमी संस्थापक बॉबी जोन्सपासून सांगितला जातो. क्लब १९३३ साली उघडला. त्या जागी आधी रोपवाटिका होती, म्हणून अठराही होलना झाडाफुलांची नावे आहेत. झाडांची वंशावळ अशी जपली जाते. खेळाडूची पिशवी वाहणारा कॅडी मात्र या इतिहासात कडेला उभा असतो. माझा आक्षेप इथे आहे.

तिथल्या मास्टर्स स्पर्धेत १९८२ पर्यंत खेळाडूला क्लबचाच कॅडी घ्यावा लागे, आणि ते कॅडी काळे होते. उतार कुठे फसवतो, चेंडू कुठे वळतो, हे त्यांना पाठ. गोरा खेळाडू त्यांना विचारून फटका मारी. जॅक निकलसच्या पहिल्या पाच विजयांत पिशवी विली पीटरसनच्या खांद्यावर होती. हे ज्ञान नव्हते तर काय होते? पण चार्ली सिफर्डने १९६७ आणि १९६९ साली मोठ्या स्पर्धा जिंकूनही त्याला निमंत्रण आले नाही. काळा खेळाडू तिथे प्रथम उतरला १९७५ साली, ली एल्डर.

ज्यांच्या चळवळीवरून आपण १९७२ साली पँथर हे नाव घेतले, त्यांच्याच देशातली ही गोष्ट.

१९८३ पासून बाहेरचे कॅडी आणण्याची मुभा मिळाली आणि काळे कॅडी स्पर्धेतून हळूहळू दिसेनासे झाले. पहिला काळा सभासद १९९० साली आला, तोही अलाबामातल्या शोल क्रीक क्लबच्या वर्णबंदीवर गदारोळ होऊन जाहिरातदार हटल्यावर.