पंचांग नाकारणाऱ्यांचा आगमनकाल

नाताळ हा सण आपल्याकडील शहरी कुटुंबांस आता अपरिचित राहिलेला नाही. परंतु नाताळापूर्वीचे चार रविवार ख्रिस्ती उपासनेत एक निराळा काळ म्हणून पाळले जातात, ही गोष्ट आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. मराठी ख्रिस्ती मंडळी या काळास 'आगमनकाल' म्हणते. हा उत्सव नव्हे. उत्सवाची वाट पाहण्याची ही मुदत आहे. त्यातील वाचनांचा क्रमही विचार करण्याजोगा आहे. पहिल्या रविवारी बालकाच्या जन्माची कथा येत नाही. जगाचा शेवट, हिशेबाची वेळ आणि जागे राहण्याची ताकीद येते. मग बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची कठोर हाक आणि अगदी अखेरीस मरीया. आनंदापूर्वी आत्मपरीक्षण, अशी ही योजना आहे. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत वाढलेल्या वाचकांस ती समजण्यास अवघड जाऊ नये.

या चार आठवड्यांच्या निमित्ताने प्रोटेस्टंट जगात एक लहानसा गद्यप्रकार रूढ झाला आहे. रोज एक, असे पान-अर्ध्या पानाचे चिंतन. आरंभी शास्त्रातील उतारा, मध्ये एखादा घरगुती प्रसंग, शेवटी प्रार्थना. एखाद्या प्रांतातील मंडळ्यांची मध्यवर्ती सभा ती पाळकांकडून व सामान्य सभासदांकडून लिहवून घेते आणि घरोघर ती वाचली जातात. असल्या लेखनास टीकाकार सहसा हात लावीत नाही. भक्तीचा मामला म्हणून तो बाजूस होतो. मला हे बरोबर वाटत नाही. जे गद्य माणसे दिवस मावळल्यावर कुटुंबात बसून मोठ्याने वाचतात, त्याची परीक्षा कादंबरीइतक्याच काळजीने व्हावयास हवी. कीर्तन आणि प्रवचन यांचा विचार आपण वाङ्मय म्हणून करतोच की नाही? मग या चिंतनांसही एक प्रश्न विचारता येईल. त्यांत वाट कोण पाहतो? 'मी' की 'आम्ही'?

हा प्रश्न मी प्रेस्बिटेरियन पंथाच्या, विशेषतः स्कॉटलंडातील मंडळीच्या, संदर्भात विचारतो. त्याला दोन कारणे आहेत. एक तर हा पंथ आम्हांस परका नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे मूळ जॉन विल्सन या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पाळकाने १८३२ साली काढलेल्या शाळेत आहे, मिरजेचे डॉ. वानलेस यांचे रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या पंथाची घडणच सामुदायिक आहे. त्यात बिशप नाही. प्रत्येक गावच्या मंडळीचा कारभार पाळक व निवडलेले वडील मिळून पाहतात. अनेक मंडळ्यांचे पाळक व वडील एकत्र बसतात ती 'प्रेस्बिटरी'. आणि सर्वांवर महासभा. कोणी एक माणूस वरून आज्ञा काढीत नाही. अशा मंडळीच्या चिंतनात 'आम्ही' सापडलाच पाहिजे, अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही.

पण येथेच एक कोडे उभे राहते. ज्या मंडळीत आज आगमनकालाच्या मेणबत्त्या लागतात, तिनेच एके काळी आगमनकाल आणि नाताळ दोन्ही हद्दपार केले होते. १५६० साली जॉन नॉक्स व त्याचे सहकारी यांनी मंडळीच्या शिस्तीचा जो मसुदा तयार केला, त्यात शास्त्राधार नसलेले सण म्हणून नाताळादी दिवस काढून टाकले. १६१८ साली राजा जेम्सने पर्थ येथील सभेकडून काही सण परत लादविले. १६३८ च्या ग्लासगो महासभेने ते पुन्हा झुगारले. १६४० साली स्कॉटिश पार्लमेंटने नाताळची सुटीही कायद्याने बंद केली. पुढे कायदे बदलले, तरी लोकांची सवय बदलली नाही. स्कॉटलंडात नाताळचा दिवस सार्वजनिक सुटीचा झाला तो १९५८ साली! ज्या वर्षी आपल्याकडे दशमान नाण्यांची सवय होत होती, त्या वर्षापर्यंत एडिंबरोचा कामकरी २५ डिसेंबरला कामावर जात होता.

पंचांग गेले, पण म्हणून वाट पाहणे संपले काय? माझ्या मते ते संपले नाही. ते सणातून निघून समाजजीवनात शिरले. जुन्या स्कॉटिश मंडळीत प्रभुभोजनाचा विधी वर्षातून एकदा किंवा दोनदाच होई. त्याची तयारी दिवसच्या दिवस चाले. गुरुवारी उपवास, शनिवारी पूर्वतयारीचे प्रवचन, रविवारी लांबलचक मेजांवर पाळीपाळीने भोजन आणि सोमवारी कृतज्ञतेची उपासना. मेजाशी बसण्याचा अधिकार दाखविणारा धातूचा एक छोटा बिल्ला वडील मंडळी देत. ज्याच्या वर्तनाविषयी तक्रार असेल त्याचा बिल्ला रोखला जाई. म्हणजे मेजाकडे जाणारी वाट शेजाऱ्यांच्या दारावरून जात होती. एकट्याने पवित्र होऊन तेथे पोहोचण्याची सोय नव्हती.

या दिवसांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र रॉबर्ट बर्न्सच्या 'होली फेअर' या १७८६ साली छापल्या गेलेल्या कवितेत आहे, आणि ते उपहासाचे आहे. आमची एखादी जत्रा भरावी तशी गर्दी, तंबूतून गर्जणारे उपदेशक, जवळच दारूचा गुत्ता आणि तरुण-तरुणींच्या नजरा, हे सारे बर्न्सने मोठ्या मिस्किलपणे टिपले आहे. त्याला तसा अधिकारही होता. त्याच वर्षी त्याला स्वतःला मॉखलिनच्या मंडळीपुढे उभे राहून चारचौघांत कानउघाडणी ऐकून घ्यावी लागली होती. सामुदायिक जीवनाचा हा काटा विसरून चालणार नाही. जेथे सर्वांचे सर्वांकडे लक्ष असते तेथे माया असते, तसा जाचही असतो. पण बर्न्सचा उपहास एक गोष्ट नकळत सिद्ध करून जातो. त्या मैदानात सगळा मुलूख लोटला होता. ज्याला कोणी येत नाही, त्या सोहळ्याची थट्टा कोणी करीत नाही.

बर्न्स बाहेरून पाहतो. आतून पाहणारा साक्षीदार हवा असेल तर जॉन गॉल्टच्या 'अ‍ॅनल्स ऑफ द पॅरिश' या १८२१ साली निघालेल्या पुस्तकाकडे जावे लागते. हे पुस्तक म्हणजे मायका बालव्हिडर नावाच्या एका कल्पित पाळकाची बखर आहे. १७६० ते १८१० ही एक्कावन्न वर्षे, वर्षास एक प्रकरण. त्यात सणांची चौकट नाही. फक्त सालांचे आकडे आहेत. तरीही आगमनकालावरचे याहून चांगले चिंतन मला ठाऊक नाही.

आरंभच पाहा. बालव्हिडर गावात येतो तो कोणास नको असताना. गावच्या जमीनदाराने आपल्या हक्काने त्याची नेमणूक केलेली. मंडळीची संमती कोणी घेतलेली नाही. लोक चिखल फेकतात, देवळाच्या दारास खिळे ठोकतात, आणि नव्या पाळकास खिडकीतून आत शिरावे लागते. तेव्हा थॉमस थॉर्ल नावाचा एक निर्भीड गृहस्थ उठून भर सभेत शास्त्रवचनाचाच आधार घेतो: जो दाराने न येता दुसरीकडून चढून येतो तो चोर होय! पुढे पाळक घरोघर भेटीस निघतो, तर दारे भराभर बंद होतात. अखेर एक दार उघडते. ते दार थॉर्लचेच असते. या विनोदी प्रसंगात गॉल्टने जे साधले आहे, ते पुष्कळ गंभीर प्रवचनांस साधत नाही. येणारा येतो तेव्हा दार बंद असते. आणि ते उघडतो तो विरोध करणाराच. लेखक याचा अर्थ सांगत बसत नाही. बालव्हिडरला तर आपण काही अर्थपूर्ण सांगत आहोत याची कल्पनाही नाही.

पुढील पन्नास वर्षे गाव कशाची ना कशाची वाट पाहत असते. समुद्रावर गेलेल्या मुलांच्या पत्रांची, अमेरिकेतील युद्धाच्या बातमीची, आणि शेवटी शेवटी कापसाच्या गिरणीवर विसंबलेल्यांना पगाराची. १७८२ च्या प्रकरणात फ्रेंच आरमारावर मिळालेल्या विजयाची वार्ता येते, आणि तिच्याबरोबरच चार्ल्स माल्कम हा गावचा लाडका मुलगा त्या लढाईत पडल्याची. ती त्याच्या विधवा आईस सांगण्याचे काम पाळकावर येते. शुभवर्तमान सांगणे हा ज्याचा धर्म, त्याने हे वर्तमान घेऊन त्या दाराशी जावयाचे. १८०८ साली गिरणी बुडते. तिचा एक देखरेखदार आणि त्याची पत्नी जीव देतात. बालव्हिडर भाबडा आहे, थोडा बढाईखोर आहे, त्याला मोठे सिद्धांत सुचत नाहीत. पण कोण मेले, कोणाचे दार बंद झाले, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्याला ठाऊक असते. त्याचा 'मी' हा गावाने भरलेला 'मी' आहे.

आता आजच्या चिंतनांकडे वळू. स्कॉटिश मंडळीत ख्रिस्ती वर्षाचे पुनरागमन हळूहळू झाले. उपासनेचा अभ्यास करणारी एक संस्था १८६५ साली निघाली. १९४० च्या उपासनाग्रंथात वर्षाच्या निरनिराळ्या काळांस जागा मिळाली. त्यामागून मेणबत्त्यांचे हिरवे कडेही आले. हे कडे मूळचे जर्मनीचे. हॅम्बुर्ग येथे निराधार मुलांचा सांभाळ करणाऱ्या योहान विखर्न या पाळकाने १८३९ साली गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या रोवून, नाताळास किती दिवस उरले हे मुलांस दाखविले, असा त्याचा इतिहास आहे. म्हणजे त्याचाही उगम एका सामुदायिक घरातच झाला. या साऱ्या पुनरागमनास माझा आक्षेप नाही. सण नाकारून माणसाची सणाची भूक मरत नाही, हे तीनशे वर्षांनी मान्य झाले इतकेच.

आक्षेप आहे तो चिंतनांच्या आवाजास. त्यांतील बरीचशी एका थकलेल्या व्यक्तीस उद्देशून लिहिलेली असतात. बाजारातील गर्दी, खरेदीची धांदल, मनाची ओढाताण; मग लेखक सांगतो की घटकाभर थांबा, शांत व्हा, एक मेणबत्ती लावा. सल्ला वाईट नाही. पण तो विश्रांतीचा सल्ला आहे, प्रतीक्षेचा नव्हे. विश्रांती एकट्यास घेता येते. हद्दपारीतून स्वदेशी परतण्याची वाट एकटा मनुष्य पाहू शकत नाही. यशयाची वाणी एका राष्ट्रास उद्देशून आहे. मरीयेच्या गाण्यात सिंहासनावरून खाली ओढलेले बलवान आणि तृप्त झालेले भुकेले आहेत. चिंतनात मात्र बहुधा तिची कोवळी लीनताच उरते. पहिल्या रविवारचा हिशेब तर पुष्कळदा वाटेतच गळून पडतो. आशा, शांती, आनंद आणि प्रीती ही चार मेणबत्त्यांची नावे सुंदर आहेत; पण कोणाची आशा, हे सांगितल्यावाचून ती नावेच राहतात.

हे दुखणे केवळ शैलीचे नाही. १९५६ च्या सुमारास स्कॉटलंडच्या या मंडळीचे सभासद १३ लाखांवर होते. २०२३ अखेर ते ३ लाखांच्या खाली आले. मंडळ्या एकमेकींत मिसळत आहेत, देवळे विकली जात आहेत, प्रेस्बिटऱ्याही एकत्र करून मोठ्या केल्या गेल्या आहेत. ज्या देवळात आपला बाप्तिस्मा झाला ते विक्रीस निघाले असता, तेथील शेवटच्या आगमनकालात वीस-पंचवीस म्हातारी माणसे कशाची वाट पाहतात? या प्रश्नास सामोरे जाणारे एक पान, धांदलीत शांत राहण्याचा सल्ला देणाऱ्या चोवीस पानांहून मोलाचे ठरेल. गॉल्टचा पाळक असता तर त्याने मेणबत्ती कोणी पेटविली, कोणाचा हात कापत होता आणि कोणाची जागा त्या दिवशी प्रथमच रिकामी होती, ते लिहिले असते. आशेचे नावही त्याने घेतले नसते. वाचकास ती दिसली असती.

कोणी म्हणेल की, समाजच विरळ झाला तेथे लेखकाने 'आम्ही' कोठून आणावा? उत्तरासाठी आपल्याच देशात, मिझोरामकडे, पाहावे. तेथे वेल्स देशातून आलेल्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रेस्बिटेरियन मंडळी स्थापन केली. तेथील बायका रोज स्वयंपाकास तांदूळ घेताना देवाच्या नावाने एक मूठ बाजूस काढतात. ते साठलेले तांदूळ गोळा करून मंडळीच्या कार्यास लावतात. १९१० पासून ही प्रथा चालू आहे. मुष्टिफंडावर शाळा व वसतिगृहे चालविलेल्या महाराष्ट्रास या मुठीचे महत्त्व समजावून सांगावयास नको. तिला पंचांग लागत नाही, प्रवचनही लागत नाही. जे अजून आलेले नाही त्याच्यासाठी आजच्या जेवणातून काही बाजूस ठेवणे, आणि ते घरोघर, एकाच वेळी, एकमेकींच्या भरवशावर ठेवणे, यालाच मी वाट पाहणे म्हणतो.

चिंतन लिहिणाऱ्यांस माझी एवढीच सूचना आहे की त्यांनी आपल्या जुन्या घरात एकदा डोकवावे. बिल्ल्याचा जाच परत आणावा असे कोणीच म्हणणार नाही. परंतु ज्या मंडळीने पंचांग फेकून दिले असतानाही शेजाऱ्याच्या दारावरून मेजाकडे जाण्याची वाट राखली होती, तिने पंचांग परत मिळाल्यावर ती वाट हरवून बसू नये. बालव्हिडर गावात आला तेव्हा देवळाच्या दारास खिळे होते. पन्नास वर्षांनी त्याने निरोपाचे प्रवचन केले तेव्हा तीच मंडळी रडली. या दोन दिवसांच्या मध्ये त्याने काही अलौकिक केले नाही. तो फक्त दारोदार जात राहिला.