भारतीय इंग्रजी कविता : ग्रंथांचा शोध आणि समीक्षेची जबाबदारी

१

एखाद्या काव्यपरंपरेविषयी विधान करताना समीक्षक एक गोष्ट नकळत गृहीत धरीत असतो. ज्या कवितांविषयी तो बोलत आहे त्या कविता वाचकाला, त्याने मनात आणले तर, वाचायला मिळू शकतील, हे ते गृहीतक होय. स्वातंत्र्योत्तर भारतीय इंग्रजी कवितेच्या बाबतीत ते फारसे टिकत नाही. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ही कविता रुळून अनेक दशके लोटली. तिच्यावर प्रबंध लिहिले गेले आणि आधुनिकता, अस्मिता, परात्मता या संकल्पनांच्या आधारे तिची मीमांसाही झाली. मात्र ज्या संग्रहांतून ही कविता प्रथम अवतरली ते संग्रह यांतील किती अभ्यासकांनी प्रत्यक्ष हाताळले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. कवितेचे प्रकाशन कोठे, कसे व किती काळासाठी झाले, ही बाब ग्रंथपालाच्या कक्षेतील मानून समीक्षेने ती बाजूला ठेवली. परंतु या कवितेपुरते तरी प्रकाशनाचा इतिहास आणि काव्याचा अर्थ यांची अशी फारकत करता येत नाही.

निसिम इझिकेल यांच्या ग्रंथांचा क्रम या दृष्टीने बोलका आहे. ‘अ टाइम टू चेंज’ (१९५२) लंडनच्या फॉर्च्यून प्रेसने काढला. ‘सिक्स्टी पोएम्स’ (१९५३) कवीने मुंबईत स्वतःच छापला. ‘द थर्ड’ (१९५९) स्ट्रँड या ग्रंथविक्रेत्यांच्या नावावर निघाला, तर ‘दि अन्‌फिनिश्ड मॅन’ (१९६०) व ‘दि एक्झॅक्ट नेम’ (१९६५) कलकत्त्याच्या रायटर्स वर्कशॉपने प्रसिद्ध केले. ‘हिम्स इन डार्कनेस’ (१९७६) या संग्रहाने हा कवी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या सूचीत आला आणि १९८९ साली तेथूनच त्याची समग्र कविता निघाली. म्हणजे या परंपरेचा प्रवर्तक मानल्या गेलेल्या कवीलाही कायमचा प्रकाशक मिळण्यासाठी जवळजवळ पाव शतक थांबावे लागले. त्या काळातील त्याची कविता वाचकवर्गाच्या बळावर जगली नाही. मित्रमंडळ, नियतकालिके आणि पदरमोड यांच्या आधाराने ती टिकून राहिली.

जयंत महापात्र यांच्याबाबत हा विखुरलेपणा भौगोलिकही होतो. ओडिशातील कटकला वास्तव्य असलेल्या या कवीचे आरंभीचे संग्रह १९७१ साली कलकत्त्याहून आले. ‘अ रेन ऑफ राइट्स’ (१९७६) अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढला. ‘द फॉल्स स्टार्ट’ (१९८०) मुंबईच्या क्लिअरिंग हाउसने आणला. ज्या ‘रिलेशनशिप’ (१९८०) या दीर्घकाव्यासाठी त्यांना १९८१ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, ते प्रथम अमेरिकेतील ग्रीनफील्ड रिव्ह्यू प्रेसने छापले होते. ओडिशाच्या मातीशी आपले नाते शोधणारी कविता ओडिशातील वाचकाला परदेशातून मागवावी लागावी, हा केवळ योगायोग नव्हे. या कवितेची मुळे एका ठिकाणी होती आणि तिचा ग्रंथव्यवहार दुसऱ्या ठिकाणी चालला होता. समीक्षेत वारंवार चर्चिल्या जाणाऱ्या ‘मुळांच्या शोधा’ला ही भौतिक बाजूही आहे.

२

या अभावातून दोन प्रकारचे उपक्रम उभे राहिले. त्यांतील पहिला पी. लाल यांनी १९५८ साली स्थापिलेल्या रायटर्स वर्कशॉपचा. हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली आणि लाल यांच्या हस्ताक्षराने नटलेली ही पुस्तके पाहताक्षणी ओळखू येतात. प्रकाशित ग्रंथांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली. इतक्या उदारपणे नवोदितांना आश्रय दिल्याने निवडीचा निकष सैल झाला, हा आक्षेप खोटा नाही. पण कोणीही दार उघडत नव्हते त्या काळात जस्सावाला, दारूवाला, महापात्र यांच्यासारख्यांचे आरंभीचे संग्रह येथूनच निघाले. ज्या सैलपणाबद्दल या संस्थेला दोष दिला जातो, त्याच सैलपणामुळे हे कवी छापले गेले, याचीही नोंद घ्यायला हवी.

दुसरा उपक्रम याच्या अगदी उलट प्रकृतीचा आहे. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चौघांनी १९७६ साली मुंबईत क्लिअरिंग हाउस ही कवींची सहकारी प्रकाशनसंस्था काढली. ‘जेजुरी’, ‘मिसिंग पर्सन’, ‘नाइन एन्क्लोजर्स’ व ‘हाऊ डू यू विथस्टँड, बॉडी’ हे चार संग्रह प्रथम निघाले. १९८४ पर्यंत आणखी चार पुस्तके येऊन संस्था थांबली. दिलीप चित्रे यांचा ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ (१९८०) हा त्यांपैकीच एक. अवघी आठ पुस्तके. पण या परंपरेचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. मुखपृष्ठांची रचना कोलटकरांची होती. जाहिरातक्षेत्रात नावाजलेल्या या चित्रकार-कवीच्या दृष्टीने पान, अक्षर आणि मोकळी जागा ही कवितेची बाह्य सजावट नव्हती. याच सुमारास तरुण कवींच्या न्यूग्राउंड या गटाने ‘थ्री पोएट्स’ (१९७८) आणि युनिस डिसूझा यांचा ‘फिक्स’ (१९७९) प्रसिद्ध केला.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार अपरिचित वाटू नये. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ या अनियतकालिकांनी प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराला दिलेला नकार आणि क्लिअरिंग हाउसचा स्वावलंबनाचा मार्ग या एकाच शहरातील, काही अंशी त्याच माणसांच्या कृती होत्या. कोलटकर व चित्रे दोन्हीकडे होते. अलाहाबाद व मुंबई येथून मेहरोत्रा जी चक्रमुद्रित नियतकालिके काढीत होते, त्यांतील ‘डॅम यू’मध्ये १९६८ साली कोलटकरांची ‘द बोटराइड’ ही दीर्घ कविता प्रथम आली. तेव्हा भारतीय इंग्रजी कविता ही उच्चभ्रूंची आयात आणि अनियतकालिकांची चळवळ ही देशी बंडखोरी, अशी जी सोयीची विभागणी मराठी समीक्षेत रूढ झाली, ती निदान १९६० नंतरच्या मुंबईपुरती तपासून घेणे भाग आहे.

३

या तपासणीसाठी कोलटकरांच्या ग्रंथांची वाटचाल पुरेशी आहे. ‘जेजुरी’ १९७४ साली ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’मध्ये आली, १९७६ साली ग्रंथरूप झाली आणि १९७७ साली तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार लाभला. त्याच १९७७ साली अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह काढला. एकच कवी दोन भाषांतील दोन लहान प्रकाशनसंस्थांद्वारा एक वर्षाच्या अंतराने प्रकट झाला. तरीही दोन्ही ग्रंथांचे समीक्षक परस्परांना फारसे भेटले नाहीत. एका बाजूला ‘जेजुरी’तील श्रद्धा-अश्रद्धेचा वाद रंगला, दुसऱ्या बाजूला मराठी कवितेतील दुर्बोधतेचा. जेजुरीचा खंडोबा महाराष्ट्राचा आणि कवी मराठी, म्हणून मूळ मराठी काव्य असलेच पाहिजे, हा समजही दीर्घकाळ टिकला. वस्तुतः ‘जेजुरी’ इंग्रजीत स्वतंत्रपणे सिद्ध झालेली आहे. याच नावाचे मराठी पुस्तक कवीच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

मुद्दा केवळ माहितीचा नाही. ‘मुंबईनं भिकेस लावलं’ या मराठी कवितेचे कवीने स्वतः केलेले ‘द टर्नअराउंड’ हे इंग्रजी रूप आज मेहरोत्रा यांनी संपादिलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ (२००९) या प्रासच्या ग्रंथात सापडते. दोन्ही पाठ समोर ठेवल्याखेरीज ‘अनुवाद’ हा शब्द येथे पुरेसा आहे की नाही, हे ठरवता येत नाही. मराठीतील बोलीचा खडबडीत स्वर इंग्रजीत कोणत्या स्वरात रूपांतरित होतो आणि या रूपांतरात कवी आपल्याच कवितेचा वाचक कसा बनतो, हे प्रश्न तुलनेशिवाय उभेच राहत नाहीत. द्वैभाषिकतेचा सिद्धान्त मांडण्यापूर्वी दोन्ही भाषांतील पुस्तके एका टेबलावर आली पाहिजेत.

कोलटकरांनी मोठ्या प्रकाशकांपासून राखलेले अंतरही येथे लक्षात घ्यावे लागते. ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्प सत्र’ हे संग्रह २००४ साली प्रासकडूनच आले. त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरला कवीचे पुण्यात निधन झाले. अमेरिकेतील न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्सने ‘जेजुरी’ २००५ साली काढली आणि इंग्लंडच्या ब्लडॅक्सने समग्र इंग्रजी कविता २०१० साली. या आवृत्त्यांमुळे कोलटकर जगभर वाचले जाऊ लागले, हे निर्विवाद. पण समग्र ग्रंथाच्या एकसारख्या पानांवर कवीने स्वतः घडविलेल्या पुस्तकांची शरीरे विरघळतात, हेही तितकेच खरे. समग्र कविता अभ्यासाचा आरंभ करून देईल. पाठचिकित्सेसाठी मात्र प्रथमावृत्तीकडेच परतावे लागेल.

४

ग्रंथच मिळत नसतील तर वाचक संकलनांकडे वळतो आणि संकलनकर्ता हाच परंपरेचा निर्माता ठरतो. आर. पार्थसारथी यांच्या १९७६ च्या ऑक्सफर्ड संकलनात दहा कवी होते. त्यांत कमला दास या एकट्याच स्त्री. दीर्घकाळ अभ्यासक्रमात राहिलेल्या या पुस्तकाने ‘दहा कवी’ हीच परंपरा असल्याचा भास निर्माण केला. मेहरोत्रांच्या १९९२ च्या संकलनाने तो क्रम नव्याने लावला. डिसूझा यांच्या ‘नाइन इंडियन विमेन पोएट्स’ने (१९९७) वगळलेली बाजू पुढे आणली, आणि जीत थयिल यांच्या ‘सिक्स्टी इंडियन पोएट्स’ने (२००८) लॉरेन्स बँटलमन, गोपाळ होन्नळगेरे यांच्यासारखे विस्मृतीत गेलेले कवी पुन्हा वाचनात आणले. विस्मृती हा नेहमीच काळाचा न्याय असतो असे नाही. पुष्कळदा ती पुनर्मुद्रणाच्या अभावाचे दुसरे नाव असते.

आजची स्थिती पूर्वीइतकी निराशाजनक नाही. ‘अभिधानंतर’चे संपादक हेमंत दिवटे यांच्या पोएट्रीवाला या मुंबईच्या प्रकाशनाने गीव्ह पटेल यांची समग्र कविता २०१७ साली, कवीच्या हयातीत, उपलब्ध केली. मेहरोत्रांची १९६९ ते २०१४ पर्यंतची कविता पेंग्विनने २०१४ साली एकत्र आणली. रायटर्स वर्कशॉप पी. लाल यांच्या निधनानंतरही (२०१०) चालू राहिले. प्रथमावृत्त्यांसाठी अभ्यासकाने १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याखाली प्रती स्वीकारणारी ग्रंथालये पाहावीत : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय. अर्थात चार मित्रांनी छापलेले पुस्तक कायद्याची आठवण ठेवून पाठविले गेले असेलच, अशी खात्री बाळगू नये. हस्तलिखिते, पत्रव्यवहार आणि चक्रमुद्रित अंक यांचा मोठा संग्रह अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात आहे. जस्सावाला यांनी जपलेली कागदपत्रे तेथे गेली आहेत. अंजली नेर्लेकर यांच्या ‘बॉम्बे मॉडर्न’ (२०१६) या ग्रंथाने अशा सामग्रीतून द्वैभाषिक मुंबईचे चित्र कसे उभे राहते ते दाखवून दिले.

मुंबईची वाङ्मयीन स्मृती मुंबईच्या विद्यार्थ्याला सातासमुद्रापलीकडे शोधावी लागणे ही खंत करण्याजोगी गोष्ट आहे. पण ती तेथे सुरक्षित आहे याबद्दल कृतज्ञही असायला हवे. खरी उणीव निराळी आहे. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’चे खंड १९४४ व १९६१ साली सिद्ध केले आणि १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांचा पाया घातला. साहित्य अकादेमीच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीत इंग्रजीचाही समावेश आहे. परंतु तिची मर्यादा १९०१ ते १९५३ अशी आहे. ज्या वर्षांत इझिकेल यांचे पहिले दोन संग्रह आले, तेथेच ती संपते. त्यानंतरच्या कवितेची स्थिती प्रत्येक अभ्यासकाने आपापल्या परीने, तुकड्यातुकड्यांनी जुळवायची असते.

दुर्मिळता हे वाङ्मयीन मूल्य नव्हे, हे अखेरीस स्पष्ट करायला हवे. न मिळणाऱ्या पुस्तकाभोवती एक वलय तयार होते आणि ते कवितेच्या परीक्षणाला बाधकच ठरते. क्लिअरिंग हाउसच्या आठ पुस्तकांतही कमीअधिक प्रतीची कविता आहे आणि रायटर्स वर्कशॉपच्या हजारोंतही चांगले संग्रह दडलेले असतील. हे ठरविण्याचा अधिकार वाचनाने मिळतो, ऐकीव कीर्तीने नाही. म्हणून संग्रह, आवृत्ती, प्रकाशक, प्रथमप्रसिद्धीचे नियतकालिक आणि आज प्रत कोणत्या ग्रंथालयात आहे, यांची नोंद करणारी वर्णनात्मक सूची हे काम विद्यापीठीय विभागांनी प्रबंधाच्या योग्यतेचे मानले पाहिजे. मराठी आणि इंग्रजी विभागांनी ते एकत्रितपणे केले, तर कोलटकर व चित्रे यांच्यासारखे कवी दोन विभागांत विभागून ठेवण्याचा प्रघातही आपोआप संपेल.