'दो आँखें बारह हाथ' : पहारा आणि पाठराखण

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (1957) हा हिंदी चित्रपट गांधीविचाराचे रूपक म्हणून किंवा प्रतिमायोजनेचा नमुना म्हणून बहुधा चर्चिला जातो. 1958 मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले, हेही आवर्जून सांगितले जाते. प्रस्तुत लेखात मात्र त्याचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. शिक्षा भोगलेल्या माणसाला पुन्हा उभे राहण्यासाठी ज्या पाठराख्याची गरज असते, त्याची कोणती प्रतिमा या चित्रपटाने रूढ केली?

हा प्रश्न वर्गात निर्माण झाला. साहित्य आणि चित्रपट या घटकाच्या निमित्ताने हा चित्रपट दाखविला की, दरवर्षी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, मग पुढे त्या सहा जणांचे काय झाले?" प्रारंभी मला ही शंका बाळबोध वाटे. आता ती चित्रपटावरील सर्वांत नेमकी टीका आहे असे वाटते.

कथानक सर्वज्ञात आहे. आदिनाथ हा तरुण जेलर खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना पॅरोलवर घेऊन एका ओसाड माळावर जातो, त्यांच्याबरोबर राबतो, माळ पिकवतो आणि अखेरीस बाजारावर पकड असलेल्या व्यापाऱ्याच्या वैरामुळे प्राणास मुकतो. पटकथा ग. दि. माडगूळकरांची आहे. तिचा आधार म्हणजे औंध संस्थानातील स्वतंत्रपूरचा मुक्त तुरुंगाचा प्रयोग. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रिडमन (स्वामी भारतानंद) यांच्या पुढाकाराने तो आटपाडीजवळ उभा राहिला. माडगूळकर स्वतः त्याच परिसरातले. पडद्यावरील माळ त्यांच्या ओळखीचा होता, हे विसरून चालणार नाही.

तथापि, स्वतंत्रपूर आणि चित्रपट यांत एक मूलभूत अंतर आहे. स्वतंत्रपूर ही वसाहत आहे. सांगली जिल्ह्यातील ही खुली वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे असून तेथे बंदी कुटुंबासह राहतो, शेती करतो. तिथला बंदी केवळ 'सुधारत' नसतो. तो त्याच वेळी नवरा, बाप, शेजारी या नात्यांनी जगत असतो. चित्रपटात या व्यवस्थेची जागा एक व्यक्ती घेते. सहा पुरुष, एक जेलर आणि अधूनमधून येणारी खेळणी विकणारी चंपा एवढेच ते जग. व्यवस्थेचे चरित्र झाले. नाट्यासाठी ते आवश्यक असेलही; पण त्याची किंमत आहे.

शीर्षकातच ती दिसते. डोळे दोन, हात बारा. पाहणारा एक, राबणारे सहा. आदिनाथाचे डोळे प्रेमळ आहेत यात शंका नाही. परंतु ते डोळे आहेत, आणि ते एका अधिकाऱ्याचे आहेत. कैद्यांना परत गजांआड पाठविण्याचा अधिकार त्याच्या हाती आहे. कितीही मायेचा असला तरी हा अखेर पहाराच. शिक्षा संपवून बाहेर पडलेल्या माणसाचा पाठराखा याहून वेगळा असतो. त्याच्याकडे अधिकार नसतो, म्हणूनच त्याच्यापाशी खोटे बोलण्याची गरज उरत नाही. 'आज पुन्हा जुन्या टोळीतला माणूस भेटला होता' हे वाक्य परिवीक्षा अधिकाऱ्यासमोर उच्चारणे अवघड. सोबत्यासमोर ते उच्चारता येते. (नॅकच्या कृपेने 'मेंटॉर' हा शब्द आपणा प्राध्यापकांच्या नोंदवहीत येऊन बसला आहे. त्या रकान्यांतही असे वाक्य कोणी विद्यार्थी लिहून देत नाही, हा आपला अनुभव आहेच.)

याचा अर्थ चित्रपट भाबडा आहे असा नव्हे. बाजाराचा प्रसंग त्याच्या प्रगल्भतेचा पुरावा आहे. कैदी स्वतः पिकवलेली भाजी रास्त भावात विकू लागतात आणि व्यापाऱ्याची माणसे त्यांना मारहाण करतात. आदिनाथाला दिलेल्या शब्दामुळे ते हात उचलत नाहीत. परंपरागत समीक्षेत या प्रसंगाकडे अहिंसेचा विजय म्हणून पाहिले जाते. मला तो वेगळा वाटतो. माणूस बदलला आहे, बाजार बदललेला नाही, हे येथे चित्रपट निःसंदिग्धपणे सांगतो. सुटून आलेल्या माणसाची खरी परीक्षा अंतःकरणात कमी आणि बाजारात अधिक होते. भाड्याची खोली, रेशनकार्ड, पूर्वी काय करीत होतास या प्रश्नाचे उत्तर, पहिली मजुरी. येथे पाठराख्याचे काम उपदेशाचे नसते. 'याला मी ओळखतो' एवढे दुकानदारासमोर म्हणण्याचे असते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पाने 1990 पासून मुंबईत बंदी व सुटलेल्या व्यक्ती यांच्यासाठी जे काम केले, त्याचा मोठा भाग अशाच रूक्ष गोष्टींचा आहे. त्यावर चित्रपट निघणे कठीण. भाजीबाजारात आदिनाथ त्या सहा जणांच्या शेजारी पाटी घेऊन बसला असता तर, असा विचार हा प्रसंग पाहताना दरवेळी येतो.

शॅड मरूना यांनी 'मेकिंग गुड' (2001) या ग्रंथात लिव्हरपूलमधील गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या व्यक्तींच्या आत्मकथनांचा तौलनिक अभ्यास केला आहे. सोडणारे स्वतःची कथा निराळ्या रीतीने सांगतात असे त्यांना आढळले. मुळात मी वाईट नव्हतो, कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि आता माझ्यासारख्याच दुसऱ्या कोणासाठी मला काही करायचे आहे. यातील तिसरा दुवा महत्त्वाचा आहे. ज्याची पाठराखण झाली तो पुढे कोणाची तरी पाठराखण करू इच्छितो, आणि या इच्छेमुळेच त्याचे नवे जीवन टिकते.

'दो आँखें बारह हाथ' पहिले दोन दुवे विलक्षण सामर्थ्याने उभे करतो. तिसऱ्याशी तो थांबतो. आदिनाथ मरतो आणि त्याचे डोळे स्मृतीच्या पातळीवर अजरामर होतात. त्या सहांपैकी कोणाच्याही डोळ्यांना त्याची जागा घेऊ दिली जात नाही. हात हातच राहतात. एखादा सातवा कैदी त्या माळावर आला असता आणि सहांपैकी एकाने त्याच्या हाती कुदळ दिली असती, तर आदिनाथाचा मृत्यू कथेला इतका अनिवार्य ठरला असता का, हे पटकथेला विचारता येते. माडगूळकरांसारख्या माणदेशी लेखकाला तो सातवा सुचला नसेल असे वाटत नाही. नायकप्रधान चित्रपटाच्या चौकटीत मात्र त्याला जागा नव्हती. माझ्या विद्यार्थ्यांना नेमका तोच हवा असतो.